ढालीचा टांगा

एकोणीसशे चोपन्न साल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, औरंगाबादेत टांगा हाकत होतो, आणि हॉकी हा रिकामटेकड्या पोरांचा खेळ आहे असं माझं पक्कं मत होतं. मत बदलायची मला सवय नाय. आता पुंडलिकनगरात मुलाच्या घरी बसून असतो, तिथंही नाय. नातवंडं वाद घालतात आणि थकून झोपी जातात. पण ते एक मत शनिवार-रविवारात बदललं. ते ज्यांच्यामुळं बदललं तो माणूस कसा होता, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाय, म्हणून लिहितोय.

आम्ही त्यांना मालक म्हणायचो. टांगे त्यांचे, घोडे त्यांचे, आणि तबेल्याच्या माडीवरच्या ज्या खोल्यांत आम्ही टांगेवाले बायकापोरांसकट राहायचो, त्याही त्यांच्याच. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजामाच्या रिसाल्यात होते, घोड्यांकडं. रिसाला मोडला तेव्हा सरकारला नको झालेली जनावरं घेऊन ते हैदराबादेहून आमच्या गावात आले. रिसाल्याच्या हॉकी टीममध्ये ते खेळायचे असं कुणी सांगायचं. कुणी म्हणायचं, खेळायचे कुठले, खेळणाऱ्यांना पाणी पाजायचे. मी एकदा तोंडावर विचारलं. मालक आमच्याशी मराठीच बोलायचे, पण राग आला की आणि लाडात आले की दखनी सुरू व्हायची. तेव्हा राग होता का लाड ते कळलं नाय. म्हणाले, "घोडियाँकू पूछ."

घोड्यांवर त्यांचा भारी विश्वास. घोड्यांना 'आप' म्हणायचे आणि आम्हाला 'तू'. सकाळी तबेल्यात आले की प्रत्येक दावणीपाशी थांबून तब्येतीची चौकशी करायचे, आणि मग आमच्याकडं वळून आमच्या आया-बहिणींचा उद्धार. कुणी घोड्यावर विनाकारण चाबूक ओढलेला त्यांना कळलं, की त्या माणसाचा चाबूक दिवसभर खुंटीला राहायचा आणि त्याला तोंडानं 'चल राजा, चल बाई' करत गावभर फिरावं लागायचं. लोक हसायचे. आमच्या अड्ड्याची रीतच होती तशी. दाराशी ओळीनं खुंट्या, सकाळी आपला चाबूक काढून घ्यायचा, संध्याकाळी लावायचा. ज्याला नोकरी सोडायची असेल त्यानं चाबूक खुंटीला न लावता मालकाच्या हातात द्यायचा. बोलायची गरज नसायची.

चहात ते मीठ घालायचे. चष्मा लावत नव्हते. डोळे अधू झाले होते, समोरचा माणूस ओळखायला त्याला बोलतं करावं लागायचं, पण चष्म्यातून घोडा लहान दिसतो म्हणून चष्मा नाय. डोक्यावर लाल रुमी टोपी, काळ्या गोंड्याची. पोलीस ॲक्शननंतर भल्याभल्यांनी तसल्या टोप्या पेटीच्या तळाशी घातल्या होत्या. ती टोपी दिसली की लोकांना रझाकारी आठवायची, मलाही आठवायची, खोटं कशाला बोलू. एकदा मीच म्हणालो, मालक, दुसरी काही घाला, काळ बदलला. ते म्हणाले, "टोपीची डोक्याला सवय झालीये. आता काय डोकं बदलून आणू?"

पण गाव त्यांना टोपीवरून ओळखायचं नाय. गाव त्यांना खडेवाले मियाँ म्हणायचं.

त्याचं असं की, रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की मशिदीच्या कोपऱ्यावर ते एक खडा निवडायचे. गोलसर, बोराएवढा. आणि हातातली वेताची काठी उलटी धरून तो खडा पुढं ढकलत तबेल्याच्या दारापर्यंत आणायचे. शेरवानी घातलेला म्हातारा माणूस, पाठीत वाकलेला, म्हशींच्या, सायकलींच्या, भाजीच्या पाट्यांच्या मधून खडा नेतोय. खडा काठीपासून कधी हातभरही सुटायचा नाय. दुकानदार आपली गिऱ्हाइकं सोडून बघत बसायचे. आणि खडा गटारात गेला, की नवा खडा घ्यायला परत मशिदीच्या कोपऱ्यावर.

एका थंडीत मी दारातच उभा होतो. रस्ता रिकामा होता, मालकांना खोकला झाला होता, आणि अगदी दाराशी येऊन खडा टुणकन गटारात. मी म्हणालो, मालक, या आत, कुणी पाहिलं नाय. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. दारात पांढरी घोडी बांधलेली होती, चांदणी. तिच्याकडं काठी केली. "इनो देखे ना," म्हणाले, म्हणजे यांनी पाहिलं की, आणि खोकत खोकत परत गेले. मी तेव्हा खूप हसलो होतो. माडीवर जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली.

तबेल्याच्या पार मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, एक नवा टांगा होता. हिरवा रंग, पितळी दिवे, तांबडी गादी. मागच्या बैठकीच्या मधोमध लाकडाचा एक ठोकळा बसवलेला, त्याला वरून खाच. त्या टांग्यात कधी गिऱ्हाईक बसलं नाय. गुलमंडीवरचा एक कापडवाला शेठ मुलीच्या वरातीसाठी मागायला आला, गोड बोलला, चिडला, शेवटी हात जोडले. मालक नाय म्हणाले. मग हा टांगा आहे तरी कुणासाठी, असं त्यानं विचारलं. मालक म्हणाले, ढालीसाठी.

ढाल म्हणजे हॉकीची ढाल. जुनी होती ती. आधी फौजेच्या टीमा तिच्यासाठी खेळायच्या. फौज गेली, ढाल उरली, मग सरकारनं ती राज्यातल्या कॉलेजांना खेळायला दिली. दर साली वेगळ्या गावी सामने. आमच्या गावचं कॉलेज दर साली जायचं आणि हात हलवत परत यायचं. मालक स्टेशनावर उतरवून घ्यायला जायचे आणि पोरांना शिव्या देत देत, पदरचे टांगे देऊन, घरी पोचवायचे. ढाल आली की ती या हिरव्या टांग्यातून गुलमंडीवरून गावभर फिरवायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि टांगा हाकायचा मी. कारण चांदणी दुसऱ्या कुणाच्या हातात नीट चालायची नाय.

आता मला खेळाचं काही नव्हतं. पण तो टांगा मी रात्रंदिवस डोळ्यांपुढं आणायचो. आणि मग मी एक केलं. सुगीला गावाकडं, पिशोरला, गेलो होतो, पारावर माणसं बसली होती, माझा मेव्हणा म्हणाला, शहरात जाऊन दाजी बामणाच्या, मियाँच्या सवाऱ्या ओढतात. मला राग आला. मी चारचौघांत बोललो, की ह्या वर्षी कॉलेजांची ढाल माझ्या टांग्यातून गुलमंडीवरून जाणार. नाय गेली तर पिशोरात पुन्हा तोंड दाखवणार नाय. मेव्हणा म्हणाला, "चेंडूफळीची ढाल व्हय?" बाकीचे हसले. पण मी बोललो ते बोललो. माझी बायको तिथंच उभी होती. वाटेत म्हणाली, तुमचं तोंड तुमच्यापाशीच राहिलं म्हणजे बरं.

त्या वर्षी सामने आमच्याच गावात होते. मैदान तांबड्या मुरमाचं. एका बाजूला शामियाना, त्यात साहेबलोकांच्या खुर्च्या, पोलिसांचा बँड, चिकाच्या पडद्याआड बायका. बाकी गाव उन्हात. मालकांनी त्या दोन दिवशी धंदा बंद ठेवला आणि सगळे टांगे मैदानावर नेले, घोडे सोडून बाजूला बांधले, आणि टांगे उगवतीकडच्या गोलामागं ओळीनं उभे केले, म्हणजे लोकांना वर चढून बघता यावं. ते स्वतः मात्र टांग्यात नाय. त्यांची जागा ठरलेली. गोलाच्या खांबाच्या बाजूला, जाळीला अगदी लागून, घोड्याची झूल अंथरून मांडी घालून बसायचे. तिथून गोल दिसतो, बाकी सगळा तमाशा, असं त्यांचं म्हणणं. मावळतीकडं जे गोल व्हायचे ते त्यांच्या हिशोबी दुसऱ्यांनी बघायचे.

जाळी पण त्यांचीच. कॉलेजची जाळी उंदरांनी खाल्लेली, म्हणून गावातल्या इतर सामन्यांसाठीही मालक दर साली साजाच्या दोरीची जाळी तबेल्यात विणून घ्यायचे. खाली हातभर उंचीची फळी, वर जाळी. पण डोळे अधू, त्यात जाळी मधे येणार. म्हणून त्यांनी बाजूच्या जाळीत, आपण बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशी, एक खिडकी ठेवली होती. चांगली दोन वितींची. अंपायर सामन्याआधी जाळी ओढून बघायला यायचा, तेव्हा ती दोरीनं आवळून बांधलेली असायची. अंपायरची पाठ वळली की मालक गाठीचं टोक ओढायचे आणि खिडकी उघडायची. घराची खिडकी उघडावी तशी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोक म्हणायचे, मियाँची खिडकी उघडली, आता खेळ सुरू होणार. चेंडूला ती खिडकी सापडेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाय.

शनिवारी मी टांग्यावर चढलो तो मैदानाकडं पाठ करून. हाताची घडी घालून घोड्यांकडं बघत राहिलो. समोर गुलबर्ग्याचं कॉलेज होतं. शिट्टी झाली. मग पाठीमागं एक आवाज आला. टक्. सुताराच्या हातोडीचा नाय, पाणक्याच्या घागरीचा नाय, तसला आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. कोरडा, गोड. पुन्हा टक्. मी मान वळवली आणि ती पुन्हा काय घोड्यांकडं गेली नाय.

आमच्याकडून सिल्लोडचा एक पोरगा खेळत होता. उंच, काळा, हाडकुळा, पायांत बूट नाय. तो चेंडू घेऊन निघाला. मी कुस्त्या बघितलेला माणूस. कुस्तीत अंगाला अंग भिडल्याशिवाय काही होत नाय. इथं समोरचा भिडायला यायचा आणि हा तिथं नसायचाच. चेंडू काठीच्या या अंगाला, त्या अंगाला, जणू काठीला वास येतोय चेंडूचा. धावता धावता त्यानं मान वर केली आणि आभाळाकडं बघितलं, आणि चेंडू तरी त्याच्याबरोबरच. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला कळेना की शेकडो माणसं एकदम श्वास कसा धरतात, त्यांना कोण सांगतं. मग कळलं की मीपण धरलाय.

गुलबर्ग्याच्या गोलकीपरनं त्या पोराचा एक फटका आडवं पडून, नुसत्या हातानं अडवला. आमच्या टांग्यांवरून शिव्यांचा पाऊस. आणि खाली झुलीवर मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, थोडा वेळ तशीच राहू दिली, मग पुन्हा घातली. ते टाळी वाजवायचे नाय, वाहवा म्हणायचे नाय. तेवढंच करायचे. हाफ टाइमला मी खाली उतरून म्हणालो, मालक, तो तर त्यांचा माणूस. ते म्हणाले, "टोपी माझी हाय. गावाची नाय."

शनिवार आम्ही जिंकलो. संध्याकाळी खडा निघाला तेव्हा मागं निम्मं गाव. मालक नेहमीसारखे वाकून चाललेले, आणि लोक म्हशी धरून ठेवताहेत, सायकली थांबवताहेत, खड्याला वाट करून देताहेत. मालक वैतागले. मधे म्हैसच नसेल तर काय मजा, म्हणाले. तबेल्यात आल्यावर ताडपत्री काढली. मी पितळी दिवे चिंचेनं घासले. चांदणीला खरारा केला. माझ्या बायकोनं जुन्या लुगड्याच्या काठाचे गोंडे करून घोडीच्या सरावर, कपाळावरच्या पट्ट्यावर, शिवले. म्हणाली, माझ्या लग्नात तुमच्या घोड्याला एवढं नव्हतं. पण शिवताना चारदा उठून लांबून बघत होती कसे दिसतात.

रविवारी समोर हैदराबाद.

ढाल शामियान्यापुढं टेबलावर ठेवली होती, मखमलीवर. चांदीची, मधे घोडेस्वार कोरलेला. ऊन पडलं की सगळं मैदान ओलांडून आमच्या डोळ्यांत यायची. मी सारखा तिच्याकडं बघत होतो. ठोकळ्याच्या खाचेत बसेल का, वळणावर धरावी लागेल का, असले विचार. मग खेळ सुरू झाला आणि मी ढालही विसरलो.

हैदराबादचा कॅप्टन ठेंगणा, टकलाकडं झुकलेला, कॉलेजात शिकतो असं कुणी म्हणणार नाय. तो धावायचाच नाय. चालायचा. पण चेंडू जिथं येणार तिथं तो आधीच जाऊन उभा. आमचा सिल्लोडचा पोरगा वाऱ्यासारखा, आणि हा झाडासारखा. वारा झाडाला वळसा घालून जातो तसं चाललं होतं, आणि झाड मधूनच एक फांदी पुढं करायचं. मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं, पण दोन माणसं एकमेकांना हात न लावता असं झुंजताना पुन्हा पाहिली नाय. मालकांची टोपी त्या दुपारी डोक्यावर कमी आणि गुडघ्यावर जास्त होती.

गोल कुणाचाच नाय. वेळ संपत आली. हाफ टाइमनंतर आमची टीम उगवतीकडं, आम्ही ज्याच्या मागं उभे होतो त्या गोलाकडं चढत होती. सिल्लोडचा पोरगा उजव्या कडेनं आला, अगदी रेघेला लागून, मालकांच्या पुढ्यातच. त्यानं फटका मारला. कुणाच्या तरी काठीला लागून चेंडू उडाला. मग आम्ही बघितलं ते एवढंच, की जाळी हलली आणि चेंडू आत पडलाय. अंपायरनं शिट्टी वाजवली, हात मधे दाखवला. गोल.

पुढचं मला धड आठवत नाय. आमच्या टांग्याचं पायदान मोडलं. बँड आपोआप सुरू झाला. मी कुणाच्या तरी गळ्यात पडून गुलमंडी, गुलमंडी असं ओरडत होतो. लोक मैदानात घुसले. नाचत नव्हता तो एकच, सिल्लोडचा पोरगा. काठी उलटी टेकवून, मान खाली घालून उभा होता.

आणि मग लोक बाजूला होताना दिसले. मालक उठले होते. झूल तिथंच टाकून, शेरवानी झटकत, काठी टेकत मैदानाच्या मधोमध चालले होते. आम्हाला वाटलं पोरांना शाबासकी द्यायला. ते अंपायरपाशी गेले. अंपायर बाहेरगावचा, लष्करातला माणूस. काहीतरी बोलणं झालं. अंपायर त्यांच्याबरोबर गोलाकडं आला. मालकांनी काठी वर केली आणि बाजूच्या जाळीत घातली. काठी आरपार गेली. मूठसुद्धा आत गेली.

आम्ही अगदी वर उभे होतो, म्हणून ऐकू आलं.

"साब, ये खिडकी मेरी. गेंद खंबे के बाहर से आया, मेरी नाक के सामने से, और इदर से अंदर गया. गोल नै हुआ."

अंपायरनं विचारलं, ही खिडकी कुणी ठेवली. मालक म्हणाले, मी. तुम्ही बघून गेल्यावर मीच उघडतो. अंपायरनं सिल्लोडच्या पोराकडं बघितलं. पोरगा मान वर करेना. मग अंपायरनं दोन्ही हात हलवले आणि गोल रद्द केला.

मग जे सुरू झालं त्यात मला एकच आवाज स्पष्ट आठवतो. आमच्या मागच्याच टांग्यावरून कुणीतरी म्हणालं, "शेवटी हैदराबादचं मीठ खाल्लेलं. टोपी बघा की डोक्यावर." ते ऐकून लोकांना वाट सापडल्यासारखं झालं. मग तेच सगळीकडून. मी बोललो नाय. पण माझ्याही मनात तेच आलं होतं, आणि त्याहून जास्त पिशोरचा पार आला होता.

मालकांनी मान वळवून त्या आवाजाकडं बघितलं. त्यांना कुणी दिसलं नसणार. म्हणाले, "मीठ हैदराबादचं. खिडकी तर माझीच हाय ना?"

अंपायरनं खिडकी बांधायला लावली. सगळं गाव बघत असताना मालक गुडघ्यावर बसून, चाचपत, गाठी मारत होते. दोरी सापडेना. कुणी मदतीला गेलं नाय. हैदराबादचा तो ठेंगणा कॅप्टन आला, खाली बसला आणि त्यानं दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. ते बघून लोक आणखी चिडले.

वेळ संपली. जादा वेळ दिली. बाजू बदलल्या, आता हैदराबाद आमच्या गोलाकडं चढायला लागलं. मालक आपल्या झुलीवर बसले होते, पण खिडकी बंद. समोर नुसती जाळी, त्यांच्या डोळ्यांना भिंतच ती. तरी मान ताठ, कान टवकारलेले. मी खेळ बघत होतो का त्यांना बघत होतो, मलाच ठाऊक नाय. कॅप्टनला चेंडू मिळाला. तो पहिल्यांदाच धावला. दोघांना चुकवलं, तिसऱ्यासाठी थांबला, आणि मनगटानं नुसता एक झटका दिला. टक्. आणि चेंडू मागच्या फळीवर आदळायच्या आधी, मी शपथेवर सांगतो, आधी, मालकांची टोपी गुडघ्यावर आली होती. त्यांना दिसलं काहीच नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

ढाल हैदराबादची झाली. लोकांनी टोपीपण पाहिली होती.

संध्याकाळी खडा निघाला तेव्हा रस्त्यावर कुणी थांबलं नाय, कुणी म्हैस धरली नाय. दुकानदार आपापल्या तराजूकडं बघत राहिले. मालक आले, तेव्हा आम्ही सगळे टांगेवाले दाराशी उभे होतो. एकेकानं पुढं होऊन आपला चाबूक त्यांच्या हातात दिला. मालकांनी प्रत्येक चाबूक हातानं चाचपला, ओळखला, आणि ज्याचा त्याच्या खुंटीला लावला. जसा रोज लावतात तसा. शेवटी मी दिला. मीपण दिला. माझा चाबूक त्यांनी जरा जास्त वेळ धरला. मग म्हणाले, "घोडीला पाणी पाजून जा."

चांदणीच्या सरावर ते लुगड्याच्या काठाचे गोंडे तसेच होते. मी पाणी पाजलं आणि वर गेलो. बायको म्हणाली, आता कुठं जायचं. पिशोरला जाता येत नव्हतं. मी स्वतःच वाट बंद केलेली. ती म्हणाली, त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. मी म्हणालो, मी खिडकीच ठेवली नसती. ती म्हणाली, ते नाय विचारलं मी.

सकाळी गठुडं घेऊन खाली आलो, तर मालक अंगणात हिरव्या टांग्याला चांदणी जुंपत होते. एकटे. पोटपट्टा उलटा लागलेला, जू एका बाजूला कललेलं, आणि घोडी बिचारी मुकाट उभी. मी विचारलं, कुठं. म्हणाले, स्टेशनवर. हैदराबादच्या पोरांची गाडी सकाळचीच आहे, आणि गावातला एकही टांगा त्यांना बसवून घ्यायला तयार नाय.

मी म्हणालो, "मालक, हा टांगा आपल्या ढालीचा व्हता."

"ढालीचा व्हता," ते म्हणाले. "गावाचा नव्हता. गावाचा असता तर त्या शेठच्या वरातीलाच दिला नसता का?"

मी गठुडं खाली ठेवलं. पोटपट्टा सोडून सरळ बांधला. खुंटीवरून माझा चाबूक काढून घेतला. मालक लगाम माझ्या हातात देऊन बाजूला झाले. वर माडीच्या कठड्याशी बायको बघत उभी होती.

पोरं सराईत उतरली होती. बाकीची पायीच स्टेशनकडं निघाली, कॅप्टन ढाल घेऊन मागं बसला. मी ती त्याच्याकडून घेतली आणि ठोकळ्याच्या खाचेत उभी केली. खट् करून बसली. बोटभर इकडं नाय, बोटभर तिकडं नाय. हात लावायची गरज नाय, वळणावर धरायची गरज नाय. इतकं नेमकं माप त्यांनी कुठं आणि कधी घेतलं असेल, ते मी त्यांना कधी विचारलं नाय. घोड्यांना विचार म्हणाले असते.

सराईपासून स्टेशन सरळ रस्त्यानं जवळ पडतं. मी चांदणीला उलट्या बाजूला वळवलं. कॅप्टन म्हणाला, "भाई, स्टेशन उधर है ना?" मी म्हणालो, घोडीला हाच रस्ता ठाऊक आहे.

गुलमंडीवर दुकानं उघडत होती. माणसं ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसली होती. पितळी दिवे, हिरवा रंग, घोडीच्या कपाळावर गोंडे, आणि मधे चांदीची ढाल, सकाळचं ऊन तिच्यावर. तो कापडवाला शेठ काढलेली फळी हातात धरूनच ओट्याच्या कडेपर्यंत आला. कुणी शिवी दिली नाय, कुणी जय म्हणालं नाय. मी ताठ बसलो होतो. चाबूक वर धरला होता, मारायला नाय, दिसावा म्हणून. घोडी चालीनं चालवली, मुद्दाम, सावकाश, म्हणजे सगळ्यांना नीट बघता यावं.

ढाल माझ्या टांग्यातून गुलमंडीवरून जाणार असं मी पिशोरात चारचौघांत बोललो होतो. गेली.